तिघी, तीन शाळा आणि एकही संघ नाही : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझी मुलगी खो-खो खेळते. आठवीपर्यंत ती कळव्यात महापालिकेच्या शाळेत होती. ती शाळा आठवीलाच संपते, म्हणून यंदा नववीला ठाणे स्टेशनजवळच्या हायस्कूलमध्ये तिचं नाव घातलं. शाळा चांगली आहे, मन लावून शिकवतात. पण तिथे खो-खोचा संघ नाही.

शालेय स्पर्धेचा अर्ज शाळेकडूनच जातो. धावणारं किंवा बुद्धिबळ खेळणारं मूल एकटं उतरू शकतं. खो-खोला नऊ जणी लागतात. पीटीचे सर म्हणाले, "ताई, बाकीच्या मुली आणू कुठून?" सगळ्या शाळेला ते एकटेच, त्यांना मी दोष देत नाही.

पळतीला, म्हणजे पाठलाग चुकवत पळायला, तिघींची तुकडी उतरते. जुन्या शाळेत पहिली तुकडी हिची आणि हिच्या दोन मैत्रिणींची असायची. एक मैत्रीण आता खारेगावला शिकते, दुसरी विटाव्याला. त्यांच्याही शाळांत संघ नाही. चार वर्षं एकत्र घाम गाळलेल्या तिघी तीन शाळांत नुसत्या बसून आहेत. नव्या वर्गात हिला अजून कुणी जवळचं नाही. मैदानावर ओळखी आपोआप होतात, ती वाटही बंद झाली. पूर्वी तिचे मोजे भिजवले की बादलीत लाल माती उतरायची. जूनपासून पाणी स्वच्छ निघतं, आणि ते बघवत नाही.

१९ जानेवारी २०२५ ला प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. तो सामना या तिघींनी आमच्या घरात एकमेकींचे हात धरून पाहिला. कर्णधार महाराष्ट्राची, याचा त्यांना कोण अभिमान!

दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी आधी स्पर्धा खेळायला मिळाली पाहिजे ना?

माझी मागणी एवढीच : ज्या शाळांचा संघ उभा राहत नाही, अशा जवळच्या दोन-तीन शाळांना मिळून एक संघ उतरवू द्या. सरावासाठी महापालिकेचं एक मैदान आठवड्यातून तीन संध्याकाळी मिळावं. आणि स्पर्धेमुळे बुडालेली चाचणी परत घ्यावी, असं शाळांना लेखी कळवा. यंदाच्या प्रवेशिका बंद होण्याआधी एवढं झालं, तर या तिघी पुन्हा एका तुकडीत उतरतील.

आपली नम्र,
कळव्यातली एक आई