मेंदूचा आलेख फाइलीत पडून राहू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

29 ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. त्या सुमारास तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं ही लक्षणं आणि साडेचार तासांच्या आत द्यायच्या इंजेक्शनची माहिती छापून येते. ती यायलाच हवी. पण जीव वाचल्यावर पुढे काय, यावर फारसं कुणी लिहीत नाही.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं यंत्रमागावर राबले. मागच्या थंडीत पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. तिसऱ्या दिवशी फिट आल्यासारखं वाटलं म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला. केसांत चिकट पेस्ट लावून डोक्याला तारा जोडल्या, अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. रिपोर्टात एकच ओळ : फिटची लक्षणं नाहीत. कागद फाइलीत गेले. घरी सोडताना ‘किती सुधारतील ते आता देवाच्या हातात’ एवढंच सांगितलं. आम्हीही तेच धरून बसलो आणि दीड महिना फिजिओथेरपी जवळजवळ बंद राहिली. ते दिवस आता परत येणार नाहीत.

पुढे दुसऱ्या एका न्यूरॉलॉजिस्टनी तेच कागद टेबलावर पसरले आणि पेनाच्या टोकाने एकेक रेघ समजावली. माणूस जागा, पण डोळे मिटून स्वस्थ असला की मेंदूच्या मागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. पक्षाघातानंतर इजा झालेल्या बाजूला त्या क्षीण होतात आणि सेकंदाला चारपेक्षा कमी वेळा उठणाऱ्या संथ डेल्टा लहरी वाढतात. डेल्टा जास्त, अल्फा कमी आणि दोन्ही बाजूंत तफावत मोठी असेल, तर सुधारणा अवघड जाते, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. वडिलांच्या मेंदूच्या डाव्या, म्हणजे उजवं अंग चालवणाऱ्या, बाजूला संथ लहरी होत्या, पण अल्फा पुरती गेलेली नव्हती. आशेला जागा होती, आणि ती पहिल्या आठवड्यापासून आमच्या कपाटात पडून होती!

हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 साली माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. म्हणजे तंत्र शंभर वर्षांचं. दुखत नाही, एमआरआयइतका खर्च नाही, यंत्र खाटेपाशी नेता येतं.

अर्थात, एवढ्यावरच भरवसा ठेवता येत नाही. झोपेने आणि गुंगीच्या औषधांनीही लहरी संथ होतात. पहिल्या 72 तासांत बोटं सरळ होतात का, खांदा उचलतो का, हे आधी पाहायला हवंच. आणि आलेख वाईट आला म्हणून कुणाचा व्यायाम तर मुळीच थांबवू नये; पहिले तीन महिने फार मोलाचे असतात.

वडील आता उजव्या हाताच्या चिमटीत सूत धरतात. तुटलेला धागा सांधायची गाठ अजून बसत नाही.

सोलापुरातल्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे : पक्षाघाताच्या रुग्णाचा ईईजी काढलाच, तर फिट आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. दोन्ही बाजूंच्या लहरींत काय फरक आहे ते रिपोर्टात लिहा, घरच्यांना मराठीत समजावून सांगा आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा काढून ताडून पाहा. आपणही या विषयावर इथल्या न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्टना लिहितं करावं.

— एका यंत्रमाग कामगाराची मुलगी, सोलापूर