नवी बॅटरी बसवूनही सुरू न होणाऱ्या डिझेल मोटरहोमबाबत तक्रार

दिनांक : २० जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अर्थिंगच्या सदोष जोडणीमुळे मोटरहोम सुरू न होणे आणि खर्चाची भरपाई

महोदय,

आपल्या कंपनीने बांधून दिलेले डिझेल मोटरहोम मी ऑगस्ट २०२४ मध्ये ताब्यात घेतले. नोव्हेंबरपासून सकाळच्या गारव्यात ते सुरू होईनासे झाले. ग्लो प्लगचा (थंड इंजिन सुरू करण्याआधी ते तापवणाऱ्या प्लगचा) दिवा नेहमीप्रमाणे लागून विझत असे, परंतु सेल्फ मारल्यावर इंजिन जड, संथ फिरे आणि सुरू होत नसे. आपल्या सेवा केंद्राने पहिल्या खेपेस डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्या खेपेस 'बॅटरी गेली' असे सांगून नवी बॅटरी बसवली आणि ती हमीत येत नाही म्हणून माझ्याकडून ११,८०० रुपये घेतले. दोन्ही वेळा कोणी मीटर लावून पाहिल्याचे मला दिसले नाही.

दिनांक १२ जानेवारी रोजी सकाळी गणपतीपुळ्याला गाडी पुन्हा बंद पडली. सोबत माझी ७८ वर्षांची आई होती. सेल्फ मारताना हेडलाइट अजिबात मंद होत नव्हते, ही गोष्ट रत्नागिरीहून बोलावलेल्या वायरमनने सर्वप्रथम हेरली, कारण बॅटरी खरोखर उतरलेली असती तर दिवे लगेच मावळले असते. त्यांनी मोजले तेव्हा बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि सेल्फ मारतानाही ११.५ च्या खाली गेली नाही. मात्र त्याच वेळी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये ३.४ व्होल्टचा फरक आला, जो अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. जंपर केबलचे एक टोक निगेटिव्हला व दुसरे थेट इंजिन ब्लॉकला लावताच गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

दोष कुठे होता, हे त्यानंतर गाडीखाली वाकून मी स्वतः पाहिले. गाडी बांधताना जादा बॅटरीसाठी जागा करण्यासाठी आपण मूळ बॅटरी आसनाखाली हलवली आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनमधून प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी पट्टी, काढून चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) नव्या ठिकाणी बसवली, परंतु तेथील रंग खरवडलाच नाही. बोल्ट काढल्यावर वॉशरखाली चेसिसचा काळा रंग तसाच होता आणि कडेने गंज चढलेला होता. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते आणि त्यासाठी सेल्फने इंजिन वेगाने फिरवावे लागते. शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या रंगावरून परत येणार असेल, तर सेल्फला पुरेसे व्होल्ट मिळणार कसे? बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा प्रवाहही याच पट्टीवरून परत जातो, तेव्हा पहिली बॅटरी कमी भरत असल्यास त्याचेही कारण हेच असावे. वायरमनने पॉलिशपेपरने जागा घासून पट्टी घट्ट बसवली. त्यानंतर आजपर्यंत गाडी रोज सकाळी सुरू झाली आहे.

रस्त्यावर उभ्या माणसाने अर्ध्या तासात शोधलेला दोष आपल्या केंद्राला दोन भेटींत सापडू नये, याचे मला मनापासून दुःख आहे. हा जोड मूळ वाहनाचा नसून आपल्या कारागिरांनी केलेला असल्याने जबाबदारी आपलीच आहे.

तरी बॅटरीचे ११,८०० रुपये व वायरमनला दिलेले २,२०० रुपये असे एकूण १४,००० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत, गाडीतील आपण हलवलेल्या सर्व जोडण्या विनामूल्य तपासून त्यांच्या नोंदी लेखी द्याव्यात आणि याच पद्धतीने बांधलेल्या इतर गाड्यांच्या मालकांनाही कळवावे. ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण घाटात रात्री गाडी बंद पडणे हा साधा खोळंबा नसतो. मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागेन.

दोन्ही पावत्या, मीटरच्या आकड्यांची छायाचित्रे आणि काढलेल्या बोल्टचे छायाचित्र सोबत जोडले आहे. तो बोल्ट व वॉशर मी जपून ठेवले आहेत.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी)
मोटरहोमचा मालक, पुणे