फिरोजशहांच्या पुतळ्याची निगा राखा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, महापालिका मुख्यालयाच्या दारात सर फिरोजशहा मेहता यांचा ब्राँझचा पुतळा १९२३ पासून उभा आहे. रोज लाखो माणसे तिथून लोकल गाठायला धावतात. हे गृहस्थ कोण, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

१८७२ च्या कायद्याने मुंबईच्या करदात्यांना पालिकेतील ६४ पैकी ३२ सदस्य निवडण्याचा हक्क मिळाला. या सुधारणेचा आग्रह तरुण फिरोजशहांनी धरला होता. पालिकेचा कारभार आजही ज्यावर चालतो, त्या १८८८ च्या कायद्याच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता. पुढे १९०७ मध्ये बड्या अधिकाऱ्यांनी त्यांना सभागृहाबाहेर ठेवण्याचा घाट घातला, तरी ते परतलेच. शहराच्या कारभारावर शहरवासीयांचाच अधिकार हवा, हे त्यांचे म्हणणे मला आज फार मोलाचे वाटते. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे आपण नगरसेवकांविना काढली आहेत.

म्हणून पालिकेला कळकळीची विनंती. त्यांचे काम सांगणारा ठळक मराठी फलक पुतळ्याजवळ, पादचाऱ्यांना वाचता येईल असा लावावा. खाऱ्या हवेतील क्षार आणि पक्ष्यांची विष्ठा ब्राँझला खातात. त्यावर रंग फासू नये. जाणकारांकडून नियमित सफाई करून मेणाचा संरक्षक थर द्यावा. पालिका शाळांतील मुलांनाही हा पुतळा आणि समोरचे सभागृह एकाच भेटीत दाखवावे.

– एक मुंबईकर वाचक, दादर