मानधनाला बिंदू नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आठव्या वेतन आयोगाच्या बातम्या सुरू झाल्यापासून आमच्या आळीत मला एकच विचारतात, "वैनी, तुमची पेन्शन कितीने वाढणार?" न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालचा हा आयोग केंद्राचा आहे, राज्याचं नंतर बघायचं, सातवा आयोग 1 जानेवारी 2016 पासूनचा म्हणता म्हणता आपल्या हातात पडायला 2019 उजाडलं होतं, हे मी दर वेळी सांगते. ऐकतंय कोण! परवा ओटीवर हाच विषय निघाला, तेव्हा शेजारची अंगणवाडी सेविका माझ्याबरोबर रातांबे फोडत बसली होती. बाकी सगळ्या गप्पांत असते ती. या विषयाला मात्र खाली मान घालून टोपलीतले रातांबे मोजत राहिली. म्हणून हे पत्र.

मी 1991 साली अनुकंपा तत्त्वावर कनिष्ठ सहायक म्हणून लागले. यजमान ग्रामसेवक होते, ते गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. पहिली नेमणूक एका पंचायत समितीत. तिथे आम्ही दोनच बायका होतो आणि बायकांसाठी संडास नव्हता. मागच्या घरातल्या आजींनी त्यांच्याकडचा वापरू दिला, त्यावर आठ वर्षं काढली. 2024 मध्ये वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्याच तालुक्यात निम्म्या टेबलांवर बायका होत्या. हे आपोआप झालं असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. 1994 च्या महिला धोरणानंतर 30 टक्के आरक्षण आलं, 2001 च्या शासन निर्णयाने ते समांतर आरक्षण म्हणून, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत, नीट बसलं, आणि मग प्रत्येक भरतीत कोणीतरी रजिस्टर उघडून विचारायला लागलं, महिलांच्या जागा कुठे आहेत?

ते रजिस्टर म्हणजे बिंदुनामावली, कुठली जागा कुठल्या आरक्षणाची ते दाखवणारं. चार वर्षं मी जिल्ह्याला आस्थापनेच्या टेबलावर होते. शंभर बिंदू, प्रत्येक बिंदूसमोर प्रवर्ग, त्यापुढे नाव, नाहीतर 'रिक्त'. तपासणीला ते कोकण भवनात मागासवर्ग कक्षाकडे न्यावं लागायचं. रात्रीच्या एसटीत मांडीवर पिशवी, पिशवीत रजिस्टर, आणि कशेडी घाटात डोळा लागला तरी हात पिशवीवरच. तिथले साहेब एखाद्या खाडाखोडीसाठीसुद्धा परत पाठवायचे. वैताग यायचा, पण बरोबर होतं त्यांचं. एका बिंदूवर एका घराची चूल पेटायची असते.

पण त्या रजिस्टरात फक्त मंजूर पदं येतात. मानधनाला बिंदू नसतो. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई, यांतलं कोणीही त्यात नाही. गंमत बघा, जिथे वेतनश्रेणी आहे तिथे बायकांना 30 टक्के मिळवून द्यायला कायदे-कोर्ट करावं लागलं, आणि जिथे मानधन आहे तिथे न मागता जवळजवळ 100 टक्के बायकाच.

आकडे सांगते, कारण आयुष्यभर पगारबिलंच केली आहेत. सातव्या आयोगात राज्याच्या शिपायाचं मूळ वेतन पहिल्या दिवशी 15,000, कनिष्ठ सहायकाचं 19,900, तलाठ्याचं 25,500. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, दर वर्षी वेतनवाढ. माझी शेजारीण 1998 पासून सेविका आहे. ऑक्टोबर 2024 च्या वाढीनंतर तिचं मानधन 13,000 झालं, आणि ठरवून दिलेली कामं पुरी केली तर वर 2,000 पर्यंत प्रोत्साहन. मदतनिसाला 7,500. पोषण आहारवाल्या बाईला 2,500, तेही वर्षाचे दहाच महिने. म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षं वाडीतली पोरं वजन करून, पावसात साकव ओलांडून, मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर भरून आणि वर मतदार याद्यांचं काम करूनही तिचं मानधन आज लागलेल्या शिपायाच्या मूळ वेतनाखाली. महागाई भत्ता नाहीच. महागाई बहुधा कर्मचाऱ्यालाच लागत असावी.

यांना कर्मचारी न धरणाऱ्यांतली मीही एक, हे कबूल करायला हवं. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. चार दिवसांनी माझी ही शेजारीण कार्यालयात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बातमीचं कात्रण. घरी मला वैनी म्हणते, तिथे मॅडम म्हणाली. "मॅडम, माझं सेवापुस्तक बघायचं होतं. नोंदी बरोबर आहेत ना सगळ्या?" मी हसले. खरंच हसले. "अगो, तुझं कसलं सेवापुस्तक? तू मानधनावर." तिने कात्रण पुन्हा तसंच घडी घालून ठेवलं आणि लसीकरणाला उशीर होतोय म्हणून निघून गेली. माझं उत्तर नियमाप्रमाणे चूक नव्हतं. 2006 मध्ये त्याच न्यायालयाने कर्नाटकच्या प्रकरणात ही पदं नागरी सेवेतली नाहीत असं म्हटलेलं आहे. पण हसायला नियमाने सांगितलं नव्हतं.

6 सप्टेंबर 2023 ला शासनाने नऊ कंपन्यांमार्फत बाह्ययंत्रणेने, म्हणजे कंत्राटावर, पदं भरायचा निर्णय काढला, तेव्हा राज्यभर पोरं रस्त्यावर आली. आरक्षण जाणार, पगार जाणार, ही ओरड खरी होती आणि 20 ऑक्टोबरला तो निर्णय मागे घेतल्याचं जाहीर झालं. बरं झालं. फक्त ज्या व्यवस्थेची त्या पोरांना दीड महिना धास्ती वाटली, तिच्यात अंगणवाडीच्या बायका 1975 पासून आहेत. शाळांचंही तेच. प्राथमिक शाळेत नवा लागलेला शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून 16,000 मानधनावर आणि त्याच सुमारास, जुलै 2023 मध्ये, पेन्शन घेणाऱ्या निवृत्त गुरुजींना 20,000 वर बोलवायचा आदेश. यावर मी जास्त लिहीत नाही, आमच्या आळीत दोन निवृत्त गुरुजी आहेत.

दापोलीला हा विषय नवा नाही. लष्करातून 1886 मध्ये निवृत्त होऊन महार समाजातले सुधारक गोपाळबाबा वलंगकर इथेच राहिले. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. वृत्तपत्रांतूनही ते लिहीत. सरकारी नोकरीतून एक समाज बाहेर पडला की त्या वस्तीतली पेन्शन, शाळा, चार अक्षरं सगळंच जातं, हे कॅम्प दापोलीतल्या, म्हणजे इथल्या जुन्या लष्करी छावणीतल्या, पेन्शनरांना कोणी समजावून सांगायला लागलं नव्हतं.

"मग करा सगळ्यांना कायम" म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. आज सेविका त्याच गावची रहिवासी लागते. नियमित पद झालं, राज्यभरातून ऑनलाइन परीक्षा झाली, तर आमच्या वाडीतली बारावी झालेली सून त्यात टिकेल का? की शिक्षकांसारखं होईल, लांबच्या जिल्ह्यातून यायचं आणि आंतरजिल्हा बदलीचा अर्ज पहिल्या दिवसापासून तयार ठेवायचा? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मानधनाला महागाई भत्ता जोडायला कुठली परीक्षा लागत नाही. प्रत्येक सेविकेची रुजू तारीख, रजा, मानधनातली वाढ लिहिलेलं एक पुस्तक ठेवायला तर नुसता कागद लागतो. आणि सरकारी सेवेत महिला किती, मागासवर्गीय किती, दिव्यांग किती याचे तक्ते करताना मानधनावरच्या माणसांचा एक रकाना वाढवा. तो भरला की टक्केवारी कशी दिसते, ते मला बघायचं आहे.

रातांबे संपल्यावर तिचा ग्रॅच्युइटीचा अर्ज मीच लिहून दिला. हात वळणदार आहे माझा अजून. 'अर्जदार : अंगणवाडी कर्मचारी' असं लिहिलं होतं. तिने वाचलं आणि 'कर्मचारी' खोडून 'सेविका' करायला लावलं. म्हणाली, "नको वैनी, उगाच अर्ज परत यायचा."

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ सहायक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी