फोर्मिगा वाचून दाखवणाऱ्या मडगावच्या टीचरांस

आदरणीय टीचर,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे आणि तुम्हाला देवनागरी वाचण्याची सवय नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचे शिक्षण पणजीच्या लायसियममध्ये पोर्तुगीजमधून झाले, माझे मराठी शाळेत झाले आणि आपण दोघी आजवर बोलत आलो त्या कोंकणीत. तरीही मराठीतच लिहिते आहे, कारण तुमचे आभार मला चारचौघांसमोर मानायचे आहेत आणि लेखणी हातात घेतली की मला हीच भाषा सुचते. येत्या रविवारी तुमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून मी हे पत्र तुम्हाला कोंकणीत वाचून दाखवीन. ब्राझीलची फुटबॉलपटू फोर्मिगा हिच्यावरचे पोर्तुगीज लेख वाचून दाखवत सहा वर्षे तुम्ही माझ्यासाठी जे करत होतात, तेच या वेळी उलट दिशेने होईल.

जून २०१५ मध्ये मी सतरा वर्षांची होते आणि मुलींच्या एका फुटबॉल संघाच्या निवड चाचणीतून नुकतीच वगळली गेले होते. मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलीला जे कारण बहुधा ऐकावे लागते तेच मलाही सांगण्यात आले, की तू मैदानावर दिसतच नाहीस. त्याच आठवड्यात कॅनडात महिला फुटबॉलचा विश्वचषक सुरू होता. माँट्रियलमध्ये ब्राझीलने दक्षिण कोरियाला २-० असे हरवले आणि त्या सामन्यात दोन विक्रम झाले. ब्राझीलची नामवंत आक्रमक मार्ता हिने पेनल्टीवर गोल करून विश्वचषकातील आपले गोल १५ वर नेले, तर तिच्या आधी ३७ वर्षांच्या फोर्मिगाने पहिला गोल करून महिला विश्वचषकात गोल करणारी सर्वांत वयस्क खेळाडू होण्याचा मान मिळवला. मी जे जे इंग्रजीत वाचले, त्यात सगळीकडे मार्ता होती आणि मधल्या फळीतल्या या बाईसाठी एखादीच ओळ होती. तिच्याविषयी सविस्तर लिहिलेले सापडले ते पोर्तुगीजमध्ये, म्हणून सायबर कॅफेत सहा पाने छापून घेतली आणि आमच्या वाड्यात पोर्तुगीज वाचणारे एकच घर असल्यामुळे संध्याकाळी तुमच्या दारात उभी राहिले.

तुम्हाला फुटबॉलमध्ये काडीचाही रस नव्हता, हे तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलेत आणि दुसऱ्या वाक्यात चष्मा मागितलात.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजले, की तिचे खरे नाव मिराइल्देस मासिएल मोता असून फोर्मिगा हे टोपणनाव आहे. त्याचा अर्थ मुंगी. लहानपणी तिचा खेळ पाहून कोणीतरी ते तिला दिले, कारण मुंग्यांसारखी ती स्वतःपुरते न पाहता सगळ्यांसाठी राबत असे. ३ मार्च १९७८ रोजी बाईया राज्यातल्या साल्वादोर शहरात ती जन्मली. तिथपर्यंत तुम्ही सलग वाचलेत. पुढच्या परिच्छेदावर मात्र थांबलात, पेन्सिलीने खूण केलीत आणि तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचलात. ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारी हुकूम निघाला होता, की स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत असलेले खेळ स्त्रियांनी खेळू नयेत. १९६५ मध्ये त्या बंदीत फुटबॉलचे नावच घालण्यात आले आणि १९७९ पर्यंत ती उठली नाही. म्हणजे फोर्मिगा जन्मली, तेव्हा जो खेळ ती पुढे जन्मभर खेळणार होती तो तिच्या देशात मुलींना कायद्यानेच बंद होता. मी संतापले होते. तुम्ही मात्र कागद मांडीवर ठेवून शांतपणे म्हणालात, की आमच्या काळी कायद्याची गरजच नव्हती, आईने नुसते पाहिले तरी पुरे व्हायचे.

तिच्या घरीही विरोध होता. फुटबॉल खेळते म्हणून भाऊ मारत, असे तिनेच पुढे मुलाखतींत सांगितले आहे. तरीही वयाच्या सतराव्या वर्षी, १९९५ मध्ये, ती स्वीडनमधील विश्वचषकासाठी ब्राझीलच्या संघात होती. सतरा हा आकडा वाचून तुम्ही माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलेत. त्यावर बोलला काहीच नाहीत, याचेही आभार.

तुमच्या भाषांतराच्या काही गमती अजून माझ्या वहीत आहेत. ब्राझीलचे लोक राष्ट्रीय संघाला ‘सेलेसाँव’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ निवड. त्यामुळे कित्येक दिवस तुमच्या तोंडून फोर्मिगा ‘निवडीसाठी’ खेळत होती आणि ‘निवडीतून’ निवृत्त होत होती, आणि मी, जिची निवड झाली नव्हती, ते ऐकून मनातल्या मनात चरफडत होते. पण तुम्ही सांगितलेला सर्वांत मोलाचा शब्द ‘व्होलांत’. बचाव फळीच्या पुढे उभे राहून खेळ चालवणाऱ्या खेळाडूला ब्राझीलमध्ये हा शब्द वापरतात. तुम्ही तो वाचलात, हसलात आणि म्हणालात, की अगो, हे तर गाडीचे स्टिअरिंग! पुढे मला कळले, की हा शब्द स्टिअरिंगवरून आलेलाच नाही. १९३८ च्या सुमारास रिओच्या फ्लामेंगो क्लबात आलेल्या कार्लोस व्होलांत या अर्जेंटिनी खेळाडूच्या आडनावावरून तो रूढ झाला. ही दुरुस्ती मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुमचा चुकीचा अर्थ मला अधिक उपयोगी पडला, कारण गाडीत बसलेला कोणीही स्टिअरिंगकडे पाहत नाही आणि गाडी वळते ती त्यामुळेच, हे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात पक्के बसले.

त्यानंतर मी तिचे सामने वेगळ्या नजरेने पाहू लागले. कोरियाविरुद्धचा तो गोल आधी मला नशिबाचा वाटला होता, कारण विरोधी बचावपटूने मागे दिलेला पास आयताच तिच्या पायाशी आला होता. तो पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले, की पास निघण्यापूर्वीच ती त्या दिशेने सरकू लागली होती.

पुढची पाने मी स्वतः शोधून आणू लागले, कधी महिन्यातून एकदा, कधी सहा महिन्यांनी. मधल्या वर्षांतील तिची कारकीर्द वाचताना तुम्ही एकदा विचारले होते, की ही एवढी हिंडते का? प्रश्न रास्त होता. अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८ अशी ऑलिंपिकची दोन रौप्यपदके आणि २००७ च्या विश्वचषकाचे उपविजेतेपद नावावर असलेली ही खेळाडू स्वीडनच्या माल्मोत, अमेरिकेतील गोल्ड प्राइड आणि शिकागो रेड स्टार्समध्ये आणि मधूनमधून ब्राझीलच्या एकामागून एक क्लबांत खेळत राहिली. मायदेशात महिला फुटबॉलला ना धड स्पर्धा होत्या, ना पैसा. सुरुवातीच्या काळात तर राष्ट्रीय संघालाही पुरुषांच्या संघाचे उरलेले कपडे मिळत. अमेरिकेतली जी लीग ती खेळली, तीही २०१२ मध्ये बंद पडली. साओ जोझे क्लबात मात्र ती स्थिरावली आणि २०१३ व २०१४ मध्ये त्या संघाने दक्षिण अमेरिकेतील लिबर्तादोरेस चषक जिंकला. जानेवारी २०१७ मध्ये, बहुतेक खेळाडू बूट खुंटीला टांगतात त्या वयात, ती पॅरिसच्या पीएसजी (पॅरिस सेंट-जर्मेन) या क्लबात गेली. २०२०-२१ च्या हंगामात पीएसजीने फ्रेंच लीग पहिल्यांदाच जिंकून ल्यों या क्लबाच्या सलग चौदा विजेतेपदांची मालिका तोडली, तेव्हा ती ४३ वर्षांची होती.

त्याआधी ती एकदा निवृत्त होऊनही परतली होती. डिसेंबर २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या मनाउस शहरातील मैदानावर तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. २०१८ मध्ये प्रशिक्षक वादाँव यांच्या विनंतीवरून ती परत आली आणि २०१९ च्या फ्रान्समधील विश्वचषकात, ४१ व्या वर्षी, सातव्यांदा उतरली. सात विश्वचषक खेळलेला दुसरा कोणताही फुटबॉलपटू त्या दिवशी नव्हता, पुरुष नाही आणि स्त्रीही नाही. पण मी तुमच्याकडे धावत आले ती विक्रमासाठी नव्हे, १३ जूनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यासाठी. ब्राझील मध्यंतराला २-१ ने पुढे होते. पिवळे कार्ड मिळालेली फोर्मिगा आणि दुखापतीतून नुकतीच सावरलेली मार्ता, दोघींनाही मध्यंतरात बाहेर काढण्यात आले आणि ब्राझील तो सामना ३-२ ने हरले. मार्ता गेल्याने आक्रमण बोथट झाले, हे सगळ्यांनी लिहिले. मला मात्र दुसऱ्या अर्ध्यात मधल्या फळीत पडलेली ती मोकळी जागा दिसत होती, जिथे पूर्वी नेहमी कोणीतरी असे आणि आता चेंडू नुसता टप्पे खात पुढे जात होता. चार वर्षांपूर्वी ‘दिसत नाहीस’ असे मला ज्यांनी सांगितले, त्यांना तो अर्धा तास दाखवावा असे फार वाटले. दाखवला नाही, पण तुम्हाला सांगितला आणि तुम्ही हातातले विणकाम बाजूला ठेवून ऐकलात.

दहा दिवसांनी ल हाव्हरमध्ये ब्राझील जादा वेळेत यजमान फ्रान्सकडून हरले. सामना संपल्यावर कॅमेऱ्यासमोर डोळे भरून आलेल्या मार्ताने देशातल्या मुलींना साद घातली, की फोर्मिगा कायमची असणार नाही, मार्ता कायमची असणार नाही, संघातली आणखी एक जुनी खेळाडू क्रिस्तियाने कायमची असणार नाही, आणि महिला फुटबॉल जगायचे तर ते तुमच्यावरच आहे. हे वाचताना तुमचा आवाज थोडा कापला आणि मग तुम्ही शिक्षिकेच्या सवयीने विचारलेत, की तिने पहिले नाव कोणाचे घेतले ते तुझ्या लक्षात आले ना?

सातवे ऑलिंपिक टोकियोत झाले. १९९६ मध्ये महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हापासूनची प्रत्येक स्पर्धा ती खेळली होती. त्या वेळी उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाने ब्राझीलला पेनल्टींवर हरवले. मग २५ नोव्हेंबर २०२१ रोजी, पुन्हा त्याच मनाउसमध्ये, तिला निरोपाचा सामना देण्यात आला आणि प्रतिस्पर्धी होता भारत! तुमच्यासमोर सहा वर्षांत ठेवलेल्या सगळ्या कागदांत आपल्या देशाचे नाव पहिल्यांदा त्या दिवशीच्या वृत्तान्तात आले. तुम्ही ‘इंदिया’ हा शब्द वाचलात आणि क्षणभर थांबून पुन्हा वाचलात. ब्राझीलने पहिल्याच मिनिटाला गोल केला. पंजाबच्या मनीषा कल्याणने थोड्याच वेळात बरोबरी साधली आणि शेवटी आपण ६-१ असे हरलो. उत्तरार्धात फोर्मिगा बदली खेळाडू म्हणून उतरली आणि सर्व स्टेडियम उभे राहिले. २३० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या कारकिर्दीचा शेवट आपल्या मुलींच्या समोर झाला. सहा गोल खाल्ल्याचे तुम्हाला वाईट वाटले होते. मला त्या दिवशी आपल्या मधल्या फळीतल्या मुलींचा फक्त हेवा वाटला, आणि ही गोष्ट तुमच्याखेरीज मी कोणालाही सांगितलेली नाही.

माझ्या स्वतःच्या खेळाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. पुढच्या वर्षीच्या चाचणीत माझी निवड झाली, कॉलेजसाठी आणि एका क्लबासाठी मिळून पाच वर्षे मधल्या फळीत खेळले आणि आता शनिवारी सकाळी चौदा वर्षांखालील मुलींना शिकवते. त्यांतल्या एकीला गेल्या महिन्यात कोणीतरी ‘तू दिसत नाहीस’ म्हटले. तिला मी कोरियाविरुद्धचा तो गोल दाखवला आणि चेंडूकडे न पाहता फक्त फोर्मिगाकडे पाहायला सांगितले.

तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली ती सगळी पाने मी एका फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. त्यांत एक पान अजून वाचायचे राहिले आहे. टाळेबंदीत आणलेले, पीएसजीच्या दिवसांवरचे. शिवाय २०२७ चा विश्वचषक ब्राझीलमध्येच होणार आहे, म्हणजे कागद पुन्हा वाढणार. रविवारी मात्र चष्मा शोधत बसू नका, वाचायची पाळी माझी आहे.

आपली नम्र,
समोरच्या घरातली मुलगी