एंडोस्कोपी विभागातल्या सिस्टरना, यवतमाळ जिल्ह्यातून

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. नागपूरच्या त्या विभागात ज्यांचा पेशंट होता, ते तुम्हाला बरोबर ओळखतील.

बाबांना गिळायचा त्रास कधीच नव्हता. ॲसिडिटीसाठी दुर्बीण टाकली, तेव्हा आयोडीन फवारल्यावर अन्ननलिकेतला एक पट्टा तपकिरी न होता फिकाच राहिला. तुकडा तपासला तर सुरुवातीचा कॅन्सर. छाती न उघडता, दुर्बिणीतूनच डॉक्टरांनी तेवढं अस्तर सोलून काढलं. गावात सगळे म्हणाले, सुटले बापा! आम्हीही तेच धरून चाललो होतो. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी तुम्ही आम्हाला बाजूला बसवून पुढचं सांगितलंत.

जखम भरताना आकसते. घेराच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त अस्तर निघालं की नळी अरुंद होण्याचा धोका मोठा, आणि बाबांचं तेवढं निघालं होतं. स्टेरॉइड सुरू होतं, तरी दोन ते चार आठवड्यांत घास अडकू शकतो, म्हणालात. "अडकला तर कॅन्सर परत आला असं समजू नका. अस्तराखालचे स्नायू शाबूत आहेत, वाट तेवढी रुंद करावी लागेल." आणि रोज कॅलेंडरवर लिहायला लावलंत: भाकर गेली, मऊ भात गेला, की नुसतं पातळ.

कापूस वेचणीच्या ऐन धामधुमीत भाकर अडकायला लागली. मग भातही. बाबा ताट सरकवून म्हणाले, "परत आलं वाटते." मी तुमचे शब्द जसेच्या तसे त्यांना सांगितले. सुका घास ढकला म्हणजे नळी मोकळी होते, असं सांगणारे गावात कमी नव्हते. तुम्ही फोनवर कॅलेंडर वाचून घेतलंत आणि पातळही बंद होण्याची वाट न पाहता लगेच बोलावलंत. फुग्याने नळी रुंद केली. ती पुन्हा आकसली, पुन्हा केली. तेही तुम्ही आधीच सांगितलेलं होतं, म्हणून बाबा प्रत्येक वेळी एसटीत निमूट बसले. निघताना दर वेळी तुमचं तेच बजावणं: छातीत दुखलं, ताप आला, दम लागला तर घरी थांबायचं नाही.

आता ते ज्वारीची भाकर वरणात कुस्करून खातात. ताठ बसून, सावकाश चावून. मटण अजून जपूनच. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला, तो तुमच्या बोलण्यानं. "काका, उरलेलं अस्तरही त्याच खर्ऱ्यात मुरलंय," असं तोंडावर सांगायची आमची कोणाची हिंमत नव्हती. पुढच्या दुर्बिणीची तारीख आता ते स्वतःच लक्षात ठेवतात.

सिस्टर, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर बाबांनी त्या आठवड्यात जेवण आणि दवाखाना दोन्ही सोडलं असतं. मी त्यांना ओळखतो. तुमचे उपकार आमच्या घरात कोणी विसरणार नाही.

आमच्या शेजारच्या काकांनाही हल्ली प्रत्येक घासाला पाणी लागते. त्यांना सोमवारी घेऊन येतो आहे.

तुमचा,
बाबांचा मोठा मुलगा