बाबा, थॉमसनला एवढ्यात हात लावू नका

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की थॉमसनची खायची द्राक्षं काढून दोन एकर वाइनची द्राक्षं लावू, जीएचे डिप (जिबरेलिक अॅसिडच्या पाण्यात घड बुडवणं) नकोत, मणी फुगवायला नको, रंगरूप कोण बघतंय, पाऊस पडला तरी वायनरी घेईलच की. फोनला रेंज नव्हती म्हणून लिहितेय.

डिप नकोत हे खरंय. इथे दिंडोरीच्या वायनरीत आम्हाला मणी बारीकच लागतो, बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त आणि रेड वाइनचा रंग सालीतनंच येतो ना. पण काढणीच्या तोंडावर पाऊस आला की आमचेही मणी तडकतात, साखर पातळ होते, आणि काही जातींचे घड इतके गच्च असतात की एक मणी सडला की आतल्या आत सगळा घड जातो. 2025 चा मे आठवतोय ना, 26 तारखेलाच मुंबईत मान्सून, खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायच्या वेळेलाच ऊन नाही, मग फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर बघतो तर घडाऐवजी नुसत्या बाळ्या, म्हणजे तणावे. तासगावात तुम्ही बघितलंत तेच इथे वाइनच्या प्लॉटमध्ये पण.

पण मला खरं टेन्शन उन्हाचं असतं. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकत जातं तसतशी हवा थंड होत जाते, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. आपलं उलटं, संक्रांतीच्या थंडीतनं शिमग्याच्या उन्हात जाताना पिकतं. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री रंगाला आणि आंबटपणाला मस्त, पण फेब्रुवारीत पारा 35 कडे सरकला की साखर भराभर चढते आणि आंबटपणा तेवढाच पटकन उतरतो, मग व्हाइट वाइन अगदी मिळमिळीत लागते. वरनं टार्टरिक अॅसिड घालता येतं, घालतातही, पण मला तरी ती चव वेगळी कळते. म्हणून व्हाइटचं सोव्हिन्यो ब्लांक आधी काढायचं, रेडचं शिराझ आणि कॅबर्ने मागनं, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) सारखं बघत राहायचं, आणि तोडणी ऊन चढायच्या आत.

आता मुद्द्याचं. भाव पटला नाही तर तुम्ही आठवडाभर माल झाडावर ठेवता, नाहीतर सरळ बेदाणा करता. वाइनच्या द्राक्षात बिया, साल जाड, बेदाणा होत नाही, मार्केटला कोणी विचारत नाही. वायनरीनं नको म्हटलं की माल कुठे नेणार? हवामान बिघडलं तर थॉमसनला निदान दुसरी वाट आहे.

अगदी लावायचीच असतील तर आधी करार, मग रोपं. एक नमुना व्हॉट्सअॅपवर टाकलाय, ब्रिक्स कमी आलं तर दर किती कापतात ते बघा. आई, तू शेजारी बसून वाचून घे, नाहीतर हे शेवटचं पान उघडून सही करतील.

मार्चअखेर काढणी संपली की येते.

तुमची
पिंकी